दुसरीच्या मांडीवरचे हात

"तो हातमोजा काढ गं हिले," चित्रफळ्याआडून चित्रकार मास्टर योरिस म्हणाले.

हिलेगॉन्डने न ऐकल्यासारखं केलं. हार्लेम गावातल्या श्रीमंत बायका स्वतःच्या चित्रासाठी चेहऱ्यापुरत्या दोनदा येऊन बसत. पुढचे कित्येक दिवस त्यांचा रेशमी झगा चढवून बसायची ती हिलेगॉन्ड. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. गावातल्या निम्म्या दिवाणखान्यांत दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर तिचे हात होते. चेहरा एकाही चित्रात नव्हता. त्याची तिला खंत नव्हती. विधवेची चूल त्यावर पेटत होती.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र उजव्या हाताची पेरं सुजून गाठाळली होती. एका हातात मोजा घालायचा नि त्याचा जोड दुसऱ्या मुठीत धरायचा, ही चित्रांतली रीतच. त्या रीतीआड चार दिवस निभावले होते. आज नेमक्या जिचं चित्र चाललं होतं त्या बाईसाहेब, कॉर्नेलिया, स्वतः बघायला आल्या होत्या.

"नवऱ्याच्या चित्राशेजारी टांगायचंय हे," त्या म्हणाल्या. "उजव्या हातातली लग्नाची अंगठी नाही दिसली तर लोक मला त्यांची बहीण समजतील."

इलाज उरला नाही. हिलेगॉन्डने मोजा सोलून काढला, बाईसाहेबांनी दिलेली अंगठी बोटात सारली. ती पेरापाशी अडली. तिने जोर केला, कातडी गोळा झाली, डोळ्यांत पाणी आलं. अंगठी हलेना.

"हे हात माझे म्हणून लावणार?" बाईसाहेब हसल्या. "माझ्या सासूचे बरे की."

मास्टरांनी अंगठी काढून समोर मेजावर ठेवली आणि कुंचला उचलला. मग कितीतरी वेळ त्यांनी हिलेगॉन्डकडे एकदाही पाहिलं नाही. ती तशीच बसून राहिली.

उजेड उतरेपर्यंत चित्रात हात आले होते. निमुळते, गुळगुळीत, अंगठी ल्यालेले. बाईसाहेब खूश होऊन गेल्या. करंगळीचा किंचित बाक हिलेगॉन्डने ओळखला. तिच्याच तिशीतला होता तो.

कुंचले पुसता पुसता, मान वर न करता मास्टर म्हणाले, "उद्यापासून झग्यात ती माणसाएवढी लाकडी बाहुली बसवीन म्हणतो. हात काय, मला पाठच आहेत."

"बरं," ती म्हणाली.

तिने झगा उतरवला, कोपऱ्यातल्या बिनहातांच्या बाहुलीला घातला, नाड्या बांधल्या. रिकाम्या बाह्या सारख्या खाली घसरत होत्या. तिने उजवी डावीवर ठेवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं, परत येऊन जराशी वर उचलली आणि मग दार ओढून घेतलं.