उकळून न जाणारं

डेअरीच्या प्रयोगशाळेत धाकटीचं काम एकच. प्रत्येक गोठ्याच्या कॅनमधलं थोडं दूध काढायचं, त्यात पट्टी बुडवायची आणि रेघांची वाट बघायची. दोन रेघा उमटल्या की दूध चांगलं. त्या सकाळी एका नमुन्यात एकच उमटली. तिने दुसरी पट्टी घेतली. पुन्हा तेच. कॅन तिच्या थोरल्या बहिणीच्या गोठ्यातला होता.

दूध परत गेलं. दुपारी धाकटी गोठ्यावर पोचली, तर ताई दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"पाणी निघालं का माझ्या दुधात? सांग ना! थेंबभर घातलं नाही कधी. आणि सख्ख्या बहिणीने माझा कॅन परत पाठवावा?"

"पाणी नाही गं ताई. आधी पेंड दाखव."

पोती मागच्या भिंतीला टेकवून रचली होती. सगळ्यात खालच्या पोत्यात धाकटीने हात घातला. पेंड ओलसर लागली. एक ढेप फोडली, तर आत हिरवट-पिवळी बुरशी.

"ते होय! छप्पर गळलं होतं," ताई म्हणाली. "उन्हात वाळवली, झाडली, मगच घातली. गाई मजेत खातात."

"बुरशी झाडली तरी तिचं विष पेंडीत राहतं, ताई. तेच दुधात उतरतं. वास नाही, चव नाही."

"मग उकळून घेऊ की."

"उकळून जात नाही ते. रोज पोटात जात राहिलं तर लिव्हरची वाट लावतं."

ताईने वळून घराकडे पाहिलं. आतल्या खोलीत तिची वर्षाची नात खिदळत होती.

"चिमणीला दोन्ही वेळा हेच पाजतेय मी," ती म्हणाली. "सून म्हणत होती पावडरचं देऊ. मीच ओरडले तिला, घरचं असताना बाहेरचं कशाला?"

धाकटीला एकदम काहीतरी आठवलं. तिने विचारलं, "परत आलेलं दूध कुठाय?"

भाऊजी बादली विसळत होते. मान वर न करता म्हणाले, "मिल्कशेकवाल्याला दिलं. तो काही पट्ट्या-बिट्ट्या बुडवत नाही. इतकं दूध काय गटारात ओतू?"

ताईने पायात चपला सरकवल्या आणि तशीच निघाली. धाकटी तिच्या मागे धावली.

दुकानात गर्दी होती. ताई थेट काउंटरपाशी गेली. "आमचं सकाळचं दूध वापरू नका. त्यात विष आहे."

"वहिनी, हळू बोला, गिऱ्हाइकं आहेत."

"म्हणून तर मोठ्याने बोलतेय."

एका बाईने मुलाच्या हातातला ग्लास काढून घेतला. दुकानदार तोंडाला येईल ते बोलला, पण उरलेलं दूध त्याने सगळ्यांदेखत मोरीत ओतलं. अर्धं आधीच खपलं होतं. कोणाकोणाच्या पोटात गेलं, हे विचारायची सोय नव्हती.

ओली पेंड पुरून टाकली. नवी पेंड सुरू झाल्यावर काही दिवसांनी दूध चाचणीत पास झालं, डेअरीने ते पुन्हा घेतलं. भाऊजी मात्र धाकटीशी बोलेनासे झाले. डॉक्टरांनी चिमणीचं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. "आत्ता तरी सगळं ठीक आहे," ते म्हणाले.

त्यातलं 'आत्ता तरी' तेवढं ताईच्या डोक्यात राहिलं. पोर जरा किरकिरली की ती तिला उजेडात नेते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा तर पडला नाही ना, ते निरखून बघते.