कोरगावकरांचा वॉटरमार्क

रविवारी सकाळी मंडळानं मला परातीत पालथं घालून माझ्यावर फ्लुइड टाकलं, आणि माझ्या पाठीवर काहीच उमटलं नाही.

हे मिरजेत झालं, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तिथे आमचं तिकीटसंग्राहक मंडळ भरतं. पूर्वी आम्ही फक्त पोस्टाची तिकिटं तपासायचो. तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवायचं, वर फ्लुइडचे थेंब टाकायचे, की कागदात दडलेला वॉटरमार्क काळसर दिसायला लागतो. तारा, नाहीतर हत्तीचं डोकं. दिसला तर तिकीट अस्सल, नाही दिसला तर नकली. दिवाळीनंतर तिकिटं तपासून संपली, म्हणून आम्ही सभासद तपासायला घेतले. त्यासाठी सहा फुटी काळी परात करून आणली.

परातीत ओला झाला की माणूस कागदाएवढा पातळ होतो. वाळायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ आवाज निघत नाही आणि वजन राहत नाही.

अध्यक्ष उपळेकर सरांच्या पाठीवर तारा निघाला होता. चिटणीस घोरपडेबाईंच्या पाठीवर हत्ती, तोही सोंड वर केलेला. आवटींच्या पाठीवर काही निघालं नाही, म्हणून आवटी कपाटावरच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. नकली माल आम्ही त्या डब्यात ठेवतो. आवटी अधूनमधून आतून खोकतात. डब्यातल्या माणसाचं ऐकायचं नाही असा ठराव झालेला आहे. ठरावाला अनुमोदन मी दिलं होतं.

"कोरगावकर, काहीच नाही हो," उपळेकर सर म्हणाले. त्यांनी चारच थेंब टाकले होते, तेही मानेवर. "मला वाटलंच होतं."

मी ओला होतो, त्यामुळे काही बोललो नाही. तेवढ्यात वारा आला आणि मी परातीतून उचलला गेलो. घोरपडेबाईंनी चिमट्यानं माझा कान पकडला म्हणून मी खिडकीबाहेर गेलो नाही.

"खिडकी कुणी उघडी टाकली?" सरांनी विचारलं.

"नियमच आहे सर. दोन नंबरचा."

"कुणाचा नियम?"

"यांचाच," बाई म्हणाल्या आणि चिमट्यातला मी जरा हलवून दाखवला.

सुरक्षित तपासणीचे अकरा नियम मी लिहिलेत. पिवळ्या कागदावर छापलेली आठ पानांची पुस्तिका आहे. पहिला नियम, फ्लुइड पेट घेतं, जवळपास ज्योत नको. दुसरा, खिडकी उघडी हवी. तिसरा, आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून रंग सुटतो का ते बघा. आणि सातवा: जिथे कागदाचा पापुद्रा निघालेला असतो, तिथेही काळसर दिसतं, त्याला वॉटरमार्क समजू नका. सातवा नियम समजावून सांगताना मी उदाहरण म्हणून उपळेकर सरांचं सगळ्यात लाडकं तिकीट घेतलं होतं. भरल्या सभेत. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून सर माझ्याकडे बघून हसलेले नाहीत.

"पुढच्या रविवारी दुसरी तपासणी," सर म्हणाले. "तेव्हाही कोरे निघालात, तर आवटींना जरा सरकून घ्यायला सांगू."

डब्यातून खोकला आला.

सोमवारी दूधवाल्यानं पिशवी हातात देताना माझ्या दंडावरून अंगठा फिरवला. "कडेचे दाते झिजलेत साहेब, जुन्या तिकिटासारखे," तो म्हणाला, आणि उद्यापासून पिशवी वहिनींच्याच हातात देईन असंही म्हणाला. मंगळवारी दारावरच्या पाटीतलं माझं नाव निघून गेलं, फक्त चार खिळे राहिले. बुधवारी घोरपडेबाई टेप घेऊन आल्या. मला बसवून, उभं करून, मग घडी घालून मोजलं आणि "बसेल," म्हणाल्या. चहा घेतला नाही. गुरुवारी आवटींच्या मिसेस माझ्या बायकोला भेटायला आल्या.

"स्वेटर देऊन पाठव गं हेमा," त्या म्हणाल्या. "पत्रा फार गार पडतो. आणि तुझ्या ह्यांना सांग, आमच्यांशी वाद घालू नका. आत जागा नसते."

शुक्रवारी दुपारी हेमानं ओटा रिकामा केला. आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे आणि माझ्या मापाचा आहे.

"अहो, ते फ्लुइड एवढं महाग आणता. पेट्रोलनं नाही का दिसत?"

"दिसतं. पेट्रोलनं बघणारे सांगलीतले दोघं स्वयंपाकघरासकट गेले. गॅसचा रेग्युलेटर बंद कर. खिडकी उघड. आणि देवापुढचं निरांजन विझव."

"देवाचा दिवा विझवू? तुमच्या पाठीसाठी?"

"विझव, हेमा."

तिनं विझवला. मग डोळे मिटून देवापुढे हात जोडले. मी शर्ट काढून ओट्यावर पालथा पडलो आणि तिनं अख्खी बाटली माझ्यावर उपडी केली. कडप्प्याचा गारवा पोटातून शिरून पाठीतून बाहेर पडला.

"आहे!" ती ओरडली. "आहे हो! कमरेच्या जरा वर. उभा चौकोन. दारासारखा!" मग तिचा आवाज खाली आला. "पण त्या दारातून मला ओट्यावरचा हळदीचा डाग दिसतोय."

दहा मिनिटांनी मला बोलता आलं.

"तो वॉटरमार्क नाही. नियम सात. मला कधीतरी कुठेतरी चिकटवलं होतं आणि तिथून उचकटलंय. पापुद्रा तिकडेच राहिला."

"कुठून उचकटलं तुम्हाला?"

"आठवत नाही."

"स्थळ बघायला आले होते तेव्हा बाबांनी पत्रिका बघितली, पगार बघितला," हेमा म्हणाली. "पाठ नाही बघितली." तिनं ओटा पुसला. पुसता पुसता थांबली. "दार आहे. कुणी विचारलं तर दार आहे. तो सातवा नियम तुमच्याशिवाय वाचलाय कुणी?"

"आवटींनी वाचलाय."

"ते डब्यात आहेत," हेमा म्हणाली. ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

रविवारी मी सकाळी दहाला हॉलमध्ये गेलो. चाळीस सभासद आले होते. डब्याचं झाकण सैल करून ठेवलं होतं आणि आत आवटी सरकल्याचा आवाज झाला. घोरपडेबाईंनी चारही खिडक्या लावल्या, कड्या घातल्या.

"मागच्या वेळी उडाले होते," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मी पालथा झालो. उपळेकर सरांनी माझ्या मानेवर चार थेंब टाकले आणि लगेच म्हणाले, "कोरे."

"खाली टाका की सर," हेमा मागून पुढे आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. "कमरेजवळ टाका. दुसरी बाटली मी घरून आणलीय." आणि सरांच्या उत्तराची वाट न बघता तिनं ती ओतली.

मग खुर्च्या सरकल्या.

"दार आहे!"

"कॅटलॉगमध्ये दार नाहीये कुठेच."

"म्हणजे जगात एकच पीस!"

उपळेकर सर भिंग घेऊन वाकले. त्यांचा श्वास मला पाठीच्या आतून लागत होता. ते खूप वेळ बघत राहिले. पापुद्रा कसा ओळखायचा हे मी त्यांना स्वतः शिकवलं होतं, त्यांच्याच तिकिटावर. ते सरळ उभे राहिले आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

"दारच आहे," ते म्हणाले. "सत्कार करू या."

घोरपडेबाईंनी मला चिमट्यानं उचलून टेबलावर उभं केलं, पाठ सभासदांकडे, म्हणजे फोटोत दार येईल. वाळलं की दार दिसायचं बंद होतं, म्हणून त्या वरून थेंब थेंब टाकत राहिल्या. फ्लुइड माझ्या अंगावरून टेबलावर आणि टेबलावरून सतरंजीवर उतरलं. माझं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीपाशी हेमा उभी होती. तिनं पिशवीतून तबक काढलं. तबकात कुंकू होतं, अक्षता होत्या, सुपारी आणि अंगठी होती. मधे निरांजन होतं.

"त्या दिवशी देवापुढचा दिवा विझवायला लावलात ना," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तोच आणलाय. मनातल्या मनात बोलले होते, वाचलात तर यानंच ओवाळीन."

मी ओला होतो.

"काडेपेटी आहे माझ्याकडे," उपळेकर सर म्हणाले. खिशातून त्यांनी माझी पिवळी पुस्तिकाही काढली. तिचं पहिलं पान फाडलं आणि त्याची बारीक सुरळी केली. सुरळी पेटवायला ते हॉलबाहेर गेले, पार जिन्यापर्यंत. परत आले तेव्हा दाराबाहेरच उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी जळती सुरळी आत दिली. ती सभासदांच्या हातोहात हेमापर्यंत आली. कुणालाही चटका बसला नाही.

कपाटावर डबा वाजायला लागला. "खिडकी उघडा! वास येतोय! पहिला नियम! अहो वहिनी, पहिला नियम!"

"डब्यातल्या माणसाचं ऐकायचं नाही," सर बाहेरून म्हणाले. "अनुमोदन कोरगावकरांचं आहे." आणि त्यांनी हॉलचं दार ओढून घेतलं.

हेमानं वात पेटवली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकवाचा रंग लगेच सुटला आणि नाकावरून हनुवटीपर्यंत ओघळला. अक्षता टाकल्या, त्या कपाळाला चिकटल्या. मग तिनं तबक दोन्ही हातांनी उचललं. हॉलमध्ये वारा नव्हता, तरी ज्योत माझ्याकडे वळली, गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यासारखी.

तिचा उजेड माझ्या पोटातून आरपार गेला आणि पाठीतल्या चौकोनात भरला. मागे चाळीस लोकांनी टाळ्या सुरू केल्या.

"बघा, बघा," घोरपडेबाई म्हणाल्या. "दार उघडतंय."