शिरूरची पेनल्टी

मी एक जुनी शिट्टी आहे, मित्रांनो. काळी, प्लॅस्टिकची, तोंडाशी दातांच्या खुणा उमटलेली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत, एका घराच्या दाराशेजारी मी खिळ्याला लटकते आहे. पूर्वी मी मनगटावर असायचे.

अल्लाबक्ष यांनी मला पुण्याच्या दुकानातून आणले. ते रेल्वेच्या रुळांची देखभाल करत. त्यांची मुलगी आसमीन फुटबॉल पंचांची परीक्षा पास झाली, त्याची मी भेट होते. शेजारी हसले. "पोरीच्या शिट्टीला पोरं थांबतील व्हय?" पण पोरे थांबली. आसमीनचा श्वास खोल होता आणि तिला शंका नसली तरच ती मला फुंकत असे.

मग आम्ही खूप हिंडलो. तिच्या छातीवर आंतरराष्ट्रीय पंचाचा बिल्ला आला. काठमांडूच्या भरल्या मैदानात माझ्या एका आवाजासरशी दोन देशांच्या खेळाडू जागच्या जागी उभ्या राहिल्या. परतल्यावर दौंड स्टेशनात लोकांनी आसमीनला हार घातले. अल्लाबक्ष गर्दीमागे उभे राहून डोळे पुसत होते.

त्याच हिवाळ्यात शिरूरचे चांगदेव आप्पा घरी आले. त्यांनी भरवलेल्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना शिरूर आणि दौंड या संघांत होता.

"आप्पा, मी दौंडची हाय. दुसरा पंच बघा," आसमीन म्हणाली.

"तुमचं नाव एवढं मोठं. तुमच्यावर कोण बोट ठेवणार?" आप्पा म्हणाले.

शेवटी ती पंच म्हणून गेली. सामना संपत आला तरी बरोबरीच होती. इतक्यात शिरूरच्या गोलसमोर चेंडू त्यांच्याच संघातल्या सत्यजीतच्या हाताला लागला. आसमीनने मला फुंकले आणि दौंडला पेनल्टी दिली.

सत्यजीत धावत आला. "मॅडम, छातीला लागला. आईची शपथ."

"हाताला लागलाय. मागं हो," ती शांतपणे म्हणाली.

तो मागे झाला नाही. प्रेक्षकांकडे वळून छाती बडवू लागला. "दौंडची हाय, दौंडलाच देणार," असा ओरडा उठला आणि माणसे मैदानात घुसली. दगड कोणी मारला ते अजून कळलेले नाही. तो आसमीनच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती पडली तेव्हा मी तिच्या ओठांतच होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, पण त्या डोळ्याची दृष्टी गेली. बिल्लाही गेला. तरी एकदा ती मला घेऊन रेल्वेच्या मैदानावर उतरली. डावीकडून धावत येणारी एक मुलगी तिला दिसलीच नाही. दोघी आदळल्या, मुलीचे मनगट मोडले. घरी येऊन आसमीनने मला वडिलांच्या हातात ठेवले.

"अब्बा, ही तुम्ही ठेवा. मला न्हाई आता जमायचं."

अल्लाबक्ष यांनी मला दाराशेजारी अडकवले. तेव्हापासून मी या खिळ्याला आहे. मैदानातून चेंडूचा आवाज आला, की आसमीन उठून खिडकी लावून घेते.

उन्हाळ्यात एकदा सत्यजीत आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मॅडम, तवा चेंडू हाताला लागला व्हता."

"मला दिसला व्हता," आसमीन म्हणाली.

ती त्याला 'आत ये' म्हणाली नाही, 'जा' असेही म्हणाली नाही. शेवटी तो आपणच निघून गेला.

मित्रांनो, हरलात तर रडा, पंचांवर रुसा, पण त्यांच्या अंगावर जाऊ नका. आणि खरे बोलायचे असेल, तर गर्दी समोर असतानाच बोला. सत्यजीतचे ते एक वाक्य शिरूरच्या मैदानावर पुरले असते. आमच्या दारात ते काहीच कामाचे नव्हते.