डोळे मिटून केलेल्या तक्रारी

आमच्या चर्चच्या कमिटीत आजवर एकही भांडण झालेलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण भांडायची वेळ आली की आम्ही प्रार्थना करायचो.

पद्धत सोपी होती. सभा सुरू झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याच्या पोटात जे असेल ते त्याने देवाला सांगायचं. बाई, म्हणजे संडे स्कूल चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "हे प्रभू, ज्या बांधवाने दारातल्या पायऱ्यांना गुळगुळीत फरशी बसवली, त्याला सद्बुद्धी दे." बांधव शेजारच्याच खुर्चीत असायचा. आमचा ठेकेदार. तो जरा दम खायचा आणि म्हणायचा, "हे दयाळू पित्या, ज्या भगिनी या वयातही उंच टाचेच्या चपला घालतात, त्यांची पावलं सांभाळ." मग कंपाउंडर, जो आमचा सेक्रेटरी आहे आणि कुणाच्याच अध्यातमध्यात नसतो, मोठ्याने "आमेन" म्हणायचा. डोळे उघडायचे, चहा यायचा, एकमेकांना बिस्किटं पुढे केली जायची. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. वेदीवरची कापडं आणि गाणाऱ्यांचे झगे मी शिवते. झग्याच्या बाहीला तोंड पुसणाऱ्या एका गृहस्थासाठी मी कित्येक वर्षं प्रार्थना केली आहे.

पण सगळ्यांत जास्त प्रार्थना व्हायची ती माझ्या दादासाठी.

दादा ऑर्गन वाजवायचा. आमचा ऑर्गन भिंतीला लावलेला आहे, त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते. कान चांगले होते तोवर काही बिघडलं नाही. मग कान हळूहळू गेले. गाणं संपायचं, लोक पुस्तकं मिटायचे आणि दादा ऐटीत आणखी एक कडवं वाजवायचा. माणसं उभीच, लहान मुलं तेवढी खाली बसून घ्यायची. अधूनमधून वरच्या स्वरांवर बोट घसरायचं, त्याला पत्ताही नसायचा. उपासना संपली की लोक त्याचा हात हातात घेऊन "आज छान झालं हं" म्हणायचे. सभेत मात्र बाई म्हणायच्या, "प्रभू, आमच्या वृद्ध बंधूच्या कानांना विश्रांती दे." ठेकेदार पुस्ती जोडायचा, "आणि हातांनाही." मी म्हणायचे, "माझ्या भावाला समजू दे." कसं समजणार, ते मी देवावर सोपवलं होतं.

दादा याच सभेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला असायचा. त्याला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाला संकोच वाटत नसे. त्याचं "आमेन" मात्र बरोबर सगळ्यांसोबत यायचं. मला वाटायचं, जन्मभराची सवय आहे.

वहिनी गेल्यापासून दादाचा आठवडा रविवारीच सुरू व्हायचा आणि रविवारीच संपायचा. त्या दिवसासाठी तो दाढी करायचा, शर्टाला इस्त्री करायचा, बूट पुसायचा. बाकीचे दिवस त्याने काय खाल्लं हेसुद्धा विचारावं लागायचं. ऑर्गनसमोरचं ते बाक काढून घेतलं तर हा माणूस अंथरुणातून उठेल कशासाठी, ही भीती मला खात होती. म्हणून मी गप्प होते. बाकीचे का गप्प होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

अशात नवे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले. वयाने कोवळे, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. पहिल्याच सभेत आमची प्रार्थना चांगली लांबली. संपल्यावर त्यांनी विचारलं, "बरं, आजचे विषय काय आहेत?"

"झाले की," कंपाउंडर म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या शनिवारी त्यांनी आमचं शिबिर ठेवलं. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. एकाने धागा हातात धरून दुसऱ्याकडे लोकरीचा गुंडा टाकायचा आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची, असा खेळ होता. बाईंनी ठेकेदाराकडे गुंडा टाकला आणि म्हणाल्या, "हे वेळेवर येतात." ठेकेदाराने गुंडा मांडीवर घेऊन बराच विचार केला. "बाईंचं अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. शेवटी सगळ्यांच्या हातात लोकर अडकली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, ही आपली एकी. ती एकी सोडवता येईना, म्हणून मी कात्रीने कापली.

मग त्यांनी एकच नियम घातला. "ज्या माणसाबद्दल बोलायचं ते त्या माणसाशी बोलायचं. समोर बसून, डोळे उघडे ठेवून. ज्या टीमला हे जमतं ती निरोगी. देवाला यातलं सगळं आधीच माहीत असतं, त्याला मध्ये घालू नका."

पुढच्या सभेला प्रार्थना एकट्या पाळकसाहेबांनी केली आणि ती दोन वाक्यांत आटोपली. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी बाईंनी पदर सावरला आणि ठेकेदाराला म्हणाल्या, "तुमच्या फरशीवरून पाय घसरतो."

"मग खरखरीत पट्ट्या लावतो की," ठेकेदार म्हणाला. "आधी सांगायचं."

इतक्या वर्षांचा विषय चहा यायच्या आत संपला. आम्हा सगळ्यांनाच जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

उरला दादा. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब येणार होते आणि त्यांच्यासमोर जादा कडवं वाजलं तर शोभा होणार होती. बाईंची भाची ऑर्गन शिकून तयार होती. दादा त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता, त्यामुळे सगळ्यांची जीभ सैल होती. पाळकसाहेब म्हणाले, "ते आल्यावर त्यांच्यासमोरच बोलू." बाई म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसावर सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं का? बहीण आहे ना, ती सांगेल." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नियम लागू होऊन तासही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेले. तो इस्त्री करत होता. मी हवापाण्याचं बोलले, दुधाचं बोलले, इस्त्रीच्या वायरचंही बोलले.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. तो नेहमीच असं म्हणायचा.

"डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर?"

"नंबर बदललाय. नवा चष्मा करायला टाकला. डोळे जपायला हवेत मला."

विषय काढायचा तो ओठावर येईना. शेवटी मी म्हटलं, "दादा, आपण आधी प्रार्थना करू या." त्याने इस्त्री उभी केली. मी डोळे मिटले आणि मला एकदम मोकळं वाटलं. "हे प्रभू," मी सुरू केलं, "माझ्या भावाने तुझी खूप सेवा केली. आता त्याला समज दे, की त्याची वेळ..."

"बारके," दादा म्हणाला, "डोळे उघड."

मी उघडले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"देवाला सांगू नकोस. मला सांग."

"तुला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं येतंय? ओठ वाचतो मी. सभेत तुम्ही सगळे डोळे मिटता, मग मला कसं निवांत बघता येतं. एरवी लोक तोंड फिरवून बोलतात."

कानांची विश्रांती, हातांची विश्रांती, सगळं त्याने बघितलं होतं. माझंही.

"मग सोडलं का नाहीस ऑर्गन?"

"मला कोणी सोड म्हणालं? तुम्ही त्याला सांगत होता." त्याने वर बोट दाखवलं. "म्हटलं, त्याला पटलं तर तो कळवेल. नाही कळवलं त्याने." मग शर्टाची कॉलर नीट करत म्हणाला, "आणि नेमकं चुकतं काय, ते एकाच्याही प्रार्थनेत नव्हतं. रोज घरी टेबलावर बोटं फिरवून सराव करतो मी. काय चुकतं गं?"

मी सांगितलं. जादा कडवं, वरचे स्वर, उभी राहिलेली माणसं. सांगताना मला रडू फुटलं आणि रडताना ओठ नीट हलेनात, म्हणून त्याने मला दोनदा परत सांगायला लावलं.

पुढच्या सभेला दादा नवा चष्मा घालून आला. पाळकसाहेब प्रार्थना सुरू करणार, तोच म्हणाला, "आज मी करतो." आम्ही डोळे मिटले. काही ऐकू येईना. बराच वेळ गेला. मी एक डोळा उघडला, तर बाईंचाही एक उघडा होता. हळूहळू सगळ्यांनी उघडले. दादा एकेकाकडे बघत ताठ बसला होता.

"हां," तो म्हणाला. "आता बोला."

ठेकेदाराला ठसका लागला. बाई शाळेत तपासणी आल्यासारख्या उभ्याच राहिल्या. पण बोलल्या. मग ठेकेदारही बोलला. कंपाउंडर म्हणाला, "माझी काही तक्रार नाही, मी फक्त आमेन म्हणायचो." दादाने त्याच्याकडे सगळ्यांत जास्त वेळ बघितलं.

"दोन वर्षांपूर्वी बोलला असतात," दादा म्हणाला, "तर कडवं संपलं की कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचा, एवढ्यावर भागलं असतं. आता बोटंही ऐकत नाहीत." मग तो बाईंना म्हणाला, "भाचीला रविवारी बसवा. चुकली तर तिला सांगा. तिच्यासाठी प्रार्थना करू नका."

चहा आला. बिस्किटं तशीच राहिली.

रविवारी मी त्याला आणायला गेले, तर तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. आयुष्यात पहिल्यांदा तो बाकावर माझ्या शेजारी बसला. आमचं बाक बाजूच्या भिंतीलगतचं, त्यामुळे पाठ भिंतीकडे, तोंड लोकांकडे. भाची शेवटच्या कडव्याला जिथे थांबायचं तिथे थांबली. लोकांनी पुस्तकं मिटली.

"कशी वाजवते?" दादाने विचारलं.

"चांगली वाजवते."

"माझ्यापेक्षा?"

सवयीने माझे डोळे मिटायला लागले. मी ते उघडे ठेवले आणि तोंड त्याच्याकडे केलं.

"आता, हो."

त्याने मान हलवली. मग पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं आणि आपला हात माझ्या हातात दिला. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा मी तो दाबला, आणि दादा गायला लागला.