पायाळू पोरीची साक्ष

रविराजच्या हेडसेटची वाट बघणं आमच्या घरात दीड महिना चाललं होतं. रविराज माझा नातू. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मागची खोली रिकामी करून तिथं पोरांना नवे खेळ खेळायला बसवायचे, असं त्याच्या मनात होतं. तो हेडसेट डोळ्यांवर चढवला की माणूस म्हणे जागच्या जागी गुहेत उतरतो, कड्यावर चढतो, मान वळवील तिकडं तेच जग. रोज चहाच्या वेळी तो फोनमध्ये बघून सांगायचा, "आज्जे, भिवंडीतून निघाला." मग दोन दिवसांनी तोंड पाडून, "अजून भिवंडीतच हाय."

नातसून प्रियदर्शनीला वेगळी धास्ती. "पोरांचे डोळे जातील. चक्कर येती म्हणं. माझ्या भावानं पुण्यात लावून बघितला तर उलटी झाली त्याला."

"तुझ्या भावाला एसटीत बी उलटी होती," रविराज म्हणाला.

शंका मलाही होती, पण ती मी कुणाला सांगितली नव्हती. रविराज सांगायचा, आत पूर्ण काळोख लागतो, बाहेरचा उजेड जरासुद्धा येता कामा नये, आणि दिसतं ते फक्त घालणाऱ्यालाच. हे ऐकलं की माझ्या नाकात घोंगड्याचा वास भरायचा.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडं समजूत अशी, की पायाळू माणसाला काजळात हरवलेलं दिसतं, चोर दिसतो, जमिनीतलं पाणीही दिसतं. मी आठ वर्षांची असताना ऐन संक्रांतीत काकूची नथ गेली. आजोबा भगवानराव गावचे मोठे शेतकरी, शब्दाला वजन असलेले. त्यांनी एका जाणत्याला बोलावलं. त्यानं माझ्या तळहातावर तेलात खललेलं काजळ थापलं, डोक्यावरून घोंगडं टाकलं आणि कडेनं एक पणती आत सरकवली.

"काय दिसतंय, पोरी?"

मला माझा हात दिसत होता. काळं, ओलं, चकाकणारं काजळ. बाकी काही नाही. पण बाहेर सगळं घर गोळा झालेलं. आजोबांचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा आवाज आला, "नीट बघ. माणूस दिसतोय का?"

मी म्हटलं, "दिसतोय."

बाहेर कुजबुज झाली. इतकी माणसं माझ्या एका शब्दासाठी कधी थांबली नव्हती. खोटं का सांगू, मला ते आवडलं.

"कोण हाय?"

आमच्या सालगड्याचं नाव हरिबा. त्या सकाळी शेतातून येताना त्यानं माझ्यासाठी धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणली होती. घरातल्या कुणाहीपेक्षा तो मला जवळचा. डोळ्यांपुढं पटकन कुणाचा चेहरा आणायचा म्हटल्यावर त्याचाच आला. मी त्याचं नाव घेतलं.

हरिबाला चावडीपुढं उभा केला आणि पागोटं काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला. त्याची बायको, माझ्याच वयाची लेक छबू आणि पाळण्यातला रामकिसन मागं राहिले. आषाढात कणगी झाडताना तळाच्या ज्वारीत नथ सापडली. आजोबा म्हणाले, "घरातली गोष्ट घरात." गावात दोनच वावड्या उठल्या. कुणी म्हणे हरिबानं विहिरीत जीव दिला, कुणी म्हणे नथ विकून हैदराबादेत चैन करतोय.

मला याच गावात, चार घरं सोडून, मामाच्या घरी दिली. त्यामुळं त्या माणसांपासून मी कधी दूर गेलेच नाही. नथ सापडल्याचं ठाऊक असलेली सगळी माणसं एकेक करून गेली. आता खरं सांगणारी मी एकटी उरले आहे. मी गेले की हरिबा कायमचा चोर. आणि सत्तर वर्षं तो मला दिसतो आहे. घोंगड्याखाली दिसला नव्हता, नंतर मात्र दिसत राहिला. तव्याच्या पाठीत, रांजणाच्या तळाशी, बंद पडलेल्या मोबाइलच्या काळ्या काचेत. बोलत काही नाही. उघड्या डोक्यानं उभा असतो.

हेडसेटचं पार्सल अंबाजोगाईहून आणलं ते बिभीषणनं. रामकिसनचा मुलगा, म्हणजे हरिबाचा नातू. टेम्पो चालवतो, रविराजचा जिवाचा दोस्त. आमच्या ओट्यावर तो चहा प्यायला बसला की मी दर वेळी ठरवायची, आज सांगायचं. आणि दर वेळी कपबशा उचलून आत जायची.

रविवारी दुपारी पार्सल उघडलं. बिभीषणनं हेडसेट उलटासुलटा करून पाहिला. "काय बे रव्या, घाण्याच्या बैलाला झापडं बांधत्यात तसलंच हाय की हे!"

"बैलाला बाहेरचं दिसू नये म्हणून बांधत्यात. ह्यात आतलं दिसतंय."

"फिरायचं तर गोल गोलच ना?"

प्रियदर्शनीनं खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. "दहा वर्षांच्या खालच्यांना देऊ नका म्हणून लिव्हलंय."

"मला अकरावं लागलंय," माझी पणती स्वप्नाली म्हणाली, आणि पुढं येऊन उभी राहिली.

आत दिसतं ते टीव्हीवरही दिसणार होतं, पण जोडणी काही होईना. तेवढा धीर कुणाला होता! रविराजनं हेडसेट तिच्या डोक्यावर बसवला, पट्टा आवळला. तिचं अर्धं तोंड झाकून गेलं. खाली नुसते ओठ आणि हनुवटी.

"काय दिसतंय गं?" बिभीषणनं विचारलं.

"खोली हाय. मोठी. आता गुहा आली!" ती हात पुढं करून चाचपडायला लागली. सगळे हसले. ती ओरडत होती, वाकत होती, एकदा खरंच दचकून मागं सरली. मला वाटलं, हे वेगळं आहे. हिला खरंच दिसतंय.

थोड्या वेळानं ती थांबली. मान इकडं तिकडं केली.

"आता काय दिसतंय?" रविराज.

तिनं पट्ट्याला हात लावला.

"सांग की. पुढं काय आलं?" प्रियदर्शनीही आता पुढं सरकली होती.

"माणूस," स्वप्नाली म्हणाली.

तिचा आवाज बदलला होता. तो आवाज मी ओळखला. घोंगड्याखालून माझ्या कानांनी ऐकलेला माझाच आवाज.

"कसला माणूस?"

"म्हातारा. उभा हाय."

"कुणासारखा दिसतोय?"

"बिभीषणकाकासारखा."

बिभीषण मांडी थोपटून हसला. "घ्या! आमाला बी घातलं का खेळात? काय करतोय गं मी तिथं? चोरी न्हाई ना?"

मी उठले आणि तिच्या डोक्यावरून हेडसेट काढून घेतला. डोळ्यांशी धरून पाहिला. आत ठार काळोख होता.

रविराजनं बटण दाबून बघितलं. "चार्जिंग संपलंय. कधीचं बंद पडलं गं हे?"

स्वप्नालीचे डोळे उजेडानं मिचमिचत होते. "गुहेनंतर लगेच."

"मंग सांगितलं कावून न्हाईस?"

"तुमी सगळे सारखे विचारत होता," ती म्हणाली आणि रडायला लागली.

प्रियदर्शनीनं तिला जवळ घेतलं. रविराज चार्जर शोधायला लागला. मी मात्र तो काळा डबा हातात धरून उभीच होते. मग म्हणाले, "बिभीषण, खाली बस. तुझ्या आज्याचं सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. बोरं, काजळ, नाव, नथ, कणगी. माझं संपलं तेव्हा बिभीषणनं रिकामं खोकं बाजूला सरकवलं.

"माझ्या बापाला शाळंत नथचोराचा म्हणायची पोरं," तो म्हणाला. "तिसरीत शाळा सोडली त्यानं. गेल्या वर्षी गेला. गेल्या वर्षीपत्तूर तुमी कुठं गेलत्या, आजी?"

"इथंच होते."

"रोज जायचा तो तुमच्या दारावरनं."

"हो."

रविराज म्हणाला, "बिभ्या, तिचं वय…"

"तू गप बे." त्यानं खिशातून फोन काढला. "मला सांगून काय उपेग? आत्याला सांगा. दिंद्रुडला असती. तिला तिचा बाप आठवतोय."

छबूचा आवाज मी साठ वर्षांनी ऐकला. चिरका, पण बोलण्याची धाटणी तीच. बिभीषणनं "चंद्रभागाआजीला बोलायचंय" एवढंच सांगून फोन माझ्या हातात दिला. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पलीकडं कुठं तरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं ती शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होते.

"आई म्हणायची, त्यानं घेतली न्हाई," छबू म्हणाली. "मग म्हातारपणी म्हणायला लागली, घेतली आसंल. उपाशी लेकरं होती, घेतली आसंल. लोकांचं ऐकून ऐकून." मग तिनं विचारलं, "चंद्रे, गेला कुठं गं तो? विहिरीत?"

"नाही," मी म्हणाले. "विहिरीत नाही. मी पाहिलं त्याला."

मला स्वतःलाच धक्का बसला. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. काजळात काय दिसतं ते सगळ्या गावानं विचारलं. उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं कुणाला नको होतं.

मी सांगितलं. झुंजूमुंजू होत होतं, मी परसात गेले होते. हरिबा रुळांच्या कडेनं परळीच्या बाजूला चालला होता. वहाणा हातात, काखेत काळं गाठोडं, डोकं उघडं. सिग्नलच्या खांबापाशी थांबला. मागं वळून दहाबारा पावलं परत आला. पुन्हा गेला. पुन्हा परत आला. मग मात्र गेला.

"दोनदा?" छबूनं विचारलं.

"दोनदा."

"वळला तेव्हा बघितलं कुणीकडं? आमच्या घराकडं?"

तिला काय हवं होतं ते मला फोनमधून स्पष्ट कळत होतं. एक शब्द पुरला असता. समोर बिभीषण, रविराज, प्रियदर्शनी, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"नीट उजाडलं नव्हतं, छबे," मी म्हणाले. "तेवढं मला दिसलं नाही."

पलीकडं तिनं कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "गाठोडं कसलं होतं? काळ्या पटकुराचं का?"

"हो. काळ्याच."

"ते आईचं होतं," छबू म्हणाली. "आणि काय पाहिलंस? सावकाश सांग."