शिस्तीचे हात

सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या संग्रहालयात एका आयटी कंपनीच्या देणगीतून टेबल आलं. त्यावर काचेच्या कपाटातल्या जुन्या वस्तू उघड्या मांडल्या, पुढे ब्रेल पाट्या लावल्या. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी हातांनी बघावं, ही कल्पना माझी. त्यामुळे पंचाईतही माझीच. विश्वस्त अभयराव म्हणाले होते, "आजच्या गटानं हाताळलं तर ठीक. नाहीतर उद्या वर काच बसवतो. नुसती धूळ खातंय."

दृष्टिहीनांचा गट आला. पुढे शर्मिलाताई. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकतात. टेबलापाशी आल्या आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. बाकीच्यांचंही तेच.

"हात लावा ना," मी म्हटलं.

"नको हो. हात लावू नका, हात लावू नका, जन्मभर तेच ऐकलंय. दुकानात, पाहुण्यांकडे, आमच्याच घरातल्या शोकेसपाशी. हात शिस्तीचे झालेत आता. तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो."

दारात अभयरावांनी घसा खाकरला.

मी अडकित्ता उचलला. पाती बोथट केलेली होती. उघडला, मिटला. खटक्.

"हा जुना चिमटा," मी म्हटलं.

शर्मिलाताईंची मान वळली. "चिमटा? असा वाजतो?"

"असाच."

"अहो, हा अडकित्ता आहे!"

"पाटीवर चिमटा लिहिलंय."

"मग पाटी चुकलीय."

"पुण्यात? पाटी?"

"द्या इकडे!"

हात पुढे आले. बोटं दांड्यांवरून वर सरकली आणि थांबली. "वर माणसं आहेत. हा पगडीवाला. ही नथवाली." त्यांनी अडकित्ता मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. "अगंबाई! मिटला की दोघं अगदी जवळ!" त्या खुदकन हसल्या. "बाबा रोज सुपारी कातरायचे. मला कधी हातात दिला नाही. बोट कापेल म्हणायचे."

मग त्यांनी पाटी चाचपली. "इथे अडकित्ताच लिहिलंय की."

"हो का?"

"लबाड आहात."

तोवर बाकीचे हातही सुटले होते. कोणी समई उचलली, कोणी कंदिलाची वात वर-खाली केली. अडकित्त्यासाठी मात्र रांग लागली.

अभयराव जवळ आले. "इतकी वर्षं काचेतून बघितलाय. मिटून कधी पाहिला नाही. जरा बघू?"

"बघा की," शर्मिलाताई म्हणाल्या. "रांगेतून या."

अभयराव रांगेत जाऊन उभे राहिले.