डागडुजी

"मावशी, हा ट्रे उन्हात कुणी ठेवला?"

"मीच ठेवला, ताई. खोलीत रोपं कोमेजून चालली होती बिचारी," मावशी गच्ची पुसता पुसता म्हणाल्या. "शेजारचा ट्रेही ठेवला होता. एकाला देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवायचं का?"

संशोधक बाई कपाळाला हात लावून गच्चीवरच बसली. शेजारच्या ट्रेमधली साधी रोपं कडेला थोडी करपली होती, पण ताठ उभी होती. तिच्या ट्रेमधली मात्र मान टाकून पडली होती. मागच्या पिढीचं बी संपलं होतं. यांना शेंगा धरल्या असत्या तरच पुढचं बी मिळणार होतं, आणि त्यावर तिचा प्रबंध अडला होता. आता सगळंच मुसळ केरात.

तिचे मार्गदर्शक सर वर आले, वाकून पाहिलं. तिला क्षणभर आशा वाटली.

"सर, फरक स्पष्ट दिसतोय ना?"

"ऊन किती होतं? किती वेळ होतं? मोजलंय कुणी?" सर म्हणाले. "याला निकाल म्हणत नाहीत. नवीन बी तयार करा." जसं काही नवीन बी बाजारात मिळतं! सर खाली उतरले. तिचा जळफळाट झाला, आणि तो निघाला मावशींवर.

"तीन वर्षं घातली मी यात! मंद दिव्याखाली ठेवली होती ती उगाच का?"

"मग निदान सांगायचं तरी, का ते."

तिने दात-ओठ खात सांगितलं. कडक उन्हात पानाच्या पेशीत ऑक्सिजन उपद्व्याप करतो, डीएनएचे तुकडे खराब करतो. साध्या रोपात एक एन्झाइम असतं, ते खराब तुकडा हुडकून कापून काढतं, मग तिथे नवा बसतो. दिवसभर चालू असते ही डागडुजी. "या रोपांत ते एन्झाइमच नाही. आम्ही काढून टाकलंय. त्याच्याविना काय होतं ते बघायला."

मावशींनी पोछा बादलीत टाकला.

"म्हणजे तुम्हीच त्यांचे हातपाय तोडलेत, आणि मी उन्हात नेलं म्हणून मी वाईट?"

राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"टाकू का हा ट्रे?" मावशींनी हलक्या आवाजात विचारलं.

"नको. मी काढते." ती खाली मांडी घालून बसली आणि एकेक रोप मुळासकट, हळूच, तुटू न देता उपटू लागली. मावशी समोर पिशवी उघडून धरून उभ्या राहिल्या.